लाखाला पंचवीस रुपये

महाराष्ट्रात नोकरी करणाऱ्या माणसाच्या पगारपत्रकावर कपातींच्या रकान्यात एक छोटी ओळ असते : व्यवसाय कर, २०० रुपये. फेब्रुवारीत तीच ओळ ३०० ची होते. अकरा महिन्यांचे २२०० आणि फेब्रुवारीचे ३०० मिळून वर्षाचे २५०० होतात. आयकराची चर्चा घराघरांत चालते, अर्थसंकल्पाच्या दिवशी लोक टीव्हीसमोर बसून राहतात, पण या दोनशे रुपयांबद्दल कोणी कुरकुरत नाही आणि ते कुठे जातात असंही कोणी विचारत नाही. सांगलीत चार्टर्ड अकाउंटंट म्हणून माझं बहुतेक आयुष्य दुसऱ्यांच्या करांचे हिशेब मांडण्यात गेलं. महाराष्ट्राने आजवर लावलेल्या करांपैकी इतक्या मोठ्या मनाने लावलेला कर माझ्या पाहण्यात दुसरा नाही, आणि वाटणीत इतका चुकलेला करही क्वचितच असेल. श्रीमंती म्हणजे काय आणि श्रीमंताने रास्त कर भरणं म्हणजे काय, हे मला या एका ओळीने जितकं शिकवलं तितकं कायद्याच्या पुस्तकांनी शिकवलं नाही.

या कराचं मूळ १९७२ च्या दुष्काळात आहे. त्या वर्षी पाऊस गेला आणि पुढच्या उन्हाळ्यात, १९७३ च्या मे महिन्यात, महाराष्ट्रातल्या दुष्काळी कामांवरच्या मजुरांची संख्या पन्नास लाखांच्या घरात पोचली. रस्त्यांची कामं, नालाबांध, पाझर तलाव, आणि सगळ्यांच्या वाट्याला येणारं खडी फोडणं. कामावर सुकडी मिळायची आणि रेशनवर लाल मिलो. ज्यांनी तो खाल्ला त्यांना त्याची चव अजून सांगता येते. दुष्काळ संपल्यावर सरकारने कामं बंद केली असती तर कोणी नवल केलं नसतं. पण आमच्याच जिल्ह्यातले, तासगाव तालुक्यातल्या विसापूरचे वि. स. पागे तेव्हा विधान परिषदेचे सभापती होते. हाताला काम मागणाऱ्याला काम देणं हे सरकारचं कर्तव्यच ठरावं, हा विचार त्यांनी लावून धरला होता. त्यातून रोजगार हमी योजना उभी राहिली. १९७७ साली तिचा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला. ‘मागेल त्याला काम’ हे शब्द कायद्याचे झाले. पुढे २००५ साली केंद्राने सगळ्या देशासाठी रोजगार हमीचा कायदा केला, तेव्हा समोर नमुना महाराष्ट्राचाच होता.

हमी द्यायची तर पैसा लागतो, आणि दरवर्षी लागतो. तो कुठून आणायचा याचं उत्तर महाराष्ट्राने १९७५ साली दिलं. शहरात पगार, धंदा किंवा वकिली-डॉक्टरी करणाऱ्यांवर व्यवसाय कर बसला. विक्रीकरात आणि मोटारींच्या करात थोडी भर पडली, बागायती जमिनीवर आकारणी झाली, शहरातल्या बिगरनिवासी इमारतींवर रोजगार हमी उपकर आला. या सगळ्यातून जेवढे जमतील तेवढेच सरकारने आपल्या तिजोरीतून घालायचे, असं ठरलं. ज्याच्या घरी दर महिन्याला पगार येतो त्याने त्यातला थोडा भाग, ज्याच्या घरी पाऊस न पडल्यास काहीच येत नाही त्याच्यासाठी बाजूला काढायचा. दादरच्या कचेरीतला कारकून आणि आटपाडीच्या माळावरची मजूर बाई यांची आयुष्यात कधी गाठ पडणार नव्हती. तरी एकीच्या हजेरीपटावरचा अंगठा आणि दुसऱ्याच्या पगारपत्रकावरची ती ओळ कायद्याने एकमेकांना जोडली गेली.

हे किती मोठं पाऊल होतं ते कळायला शंभर वर्षं मागे जावं लागतं. १८७६-७७ च्या दुष्काळाने दख्खन उजाड केल्यानंतर इंग्रज सरकारनेही दुष्काळ निवारणासाठी पैसा उभा करायचं ठरवलं आणि १८७८ साली व्यापार-उदिमावर लायसन्स टॅक्स बसवला. छोट्या दुकानदारापर्यंत तो पोचला, पण सरकारी अधिकारी आणि वकील-डॉक्टर त्यातून सुटले. १८८६ चा आयकर कायदा येईपर्यंत ते सुटलेलेच होते. त्याच काळात, १८८२ साली, जोतीराव फुल्यांनी हंटर शिक्षण आयोगापुढे आपलं निवेदन दिलं. सरकारच्या तिजोरीत मोठा भाग रयतेच्या घामाचा आहे, वरच्या वर्गांनी तिच्यात जवळजवळ काहीच घातलेलं नाही, आणि तरी उच्च शिक्षणावरचा खर्च मात्र त्याच वर्गांच्या मुलांवर होतो, हे त्यांनी आयोगाला बजावून सांगितलं. पैसा कोण भरतो आणि कोणावर खर्च होतो, हे दोन प्रश्न एकाच पानावर मांडायला आपल्याला फुल्यांनी शिकवलं.

डॉ. आंबेडकरांनी तोच धागा १९२७ साली मुंबईच्या विधिमंडळात अर्थसंकल्पावर बोलताना पुढे नेला. आयकर उत्पन्न बघून लागतो, ठरावीक मर्यादेखालच्याला माफ असतो आणि वरच्याला चढत्या दराने लागतो. जमीन महसुलाला मात्र एक एकरवाला आणि मोठा जहागीरदार सारखेच, पीक येवो वा न येवो. या दोन करांमधला हा फरक त्यांनी सभागृहापुढे ठेवला. रास्त कर कोणता, याची याहून सोपी कसोटी मला अजून सापडलेली नाही : भरणाऱ्याची ऐपत बघून लावला तो रास्त.

या कसोटीवर आपला व्यवसाय कर लावून बघावा. महिना साडेदहा हजार पगारावर काम करणारा वॉचमन वर्षाला १,२६,००० मिळवतो आणि २५०० भरतो. लाखाला जवळजवळ दोन हजार. वर्षाला एक कोटी मिळवणारा सर्जनही २५०० च भरतो. लाखाला पंचवीस. हे कोणाच्या चुकीने घडलेलं नाही, त्याला संविधानाचा आधार आहे. राज्यांनी व्यवसाय कराच्या नावाखाली दुसरा आयकर सुरू करू नये म्हणून अनुच्छेद २७६ मध्ये या कराला कमाल मर्यादा घातलेली आहे. सुरुवातीला ती माणशी वर्षाला २५० रुपये होती, १९८८ च्या साठाव्या घटनादुरुस्तीने ती २५०० झाली आणि तेव्हापासून तिथेच आहे. दरम्यान केंद्राने आयकराच्या नव्या पद्धतीत बारा लाखांपर्यंतचं उत्पन्न करमुक्त केलं. पगारदाराला तर पावणेतेरा लाखांपर्यंत एक रुपयाही आयकर नाही. वॉचमनचे २५०० मात्र चालू आहेत. ज्या कराचा जन्म गरिबाला हात देण्यासाठी झाला, त्याचं सगळ्यात जड ओझं कमी पगाराच्या माणसावरच आहे, आणि ही गोष्ट आपल्यापैकी कोणाला टोचत नाही.

ती टोचत नाही याचं एक कारण मी रोज ऐकतो. माझ्या कार्यालयात आजवर एकानेही स्वतःला श्रीमंत म्हटलेलं नाही. तीन फ्लॅटवाला म्हणतो, आपण मध्यमवर्गीय. पेट्रोल पंपाचा मालक म्हणतो, खाऊन-पिऊन सुखी. चाळीस एकर द्राक्षबाग असलेला म्हणतो, आपण साधे शेतकरी. यात ढोंग नसतं. प्रत्येकजण आपल्यापेक्षा वरच्याकडे बघत असतो, आणि वर बघत राहिलं की आपण नेहमी मधल्याच पायरीवर दिसतो. खाली बघितलं तर चित्र वेगळं आहे. अर्थशास्त्रज्ञ तोमा पिकेटी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२४ साली भारतातल्या विषमतेचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांच्या अंदाजानुसार २०२२-२३ मध्ये देशाच्या एकूण उत्पन्नातला २२.६ टक्के वाटा आणि एकूण संपत्तीतला ४०.१ टक्के वाटा वरच्या एक टक्का लोकांकडे होता. प्रौढ भारतीयाचं सरासरी उत्पन्न वर्षाला साधारण सव्वादोन-अडीच लाखांच्या दरम्यान येतं, आणि ती सरासरी गाठणारेही शंभरात जेमतेम दहा. म्हणजे जो महिना पन्नास-साठ हजार मिळवतो तो देशाच्या रांगेत पार पुढे उभा आहे. मीही तिथेच उभा आहे.

पण उत्पन्नाच्या आकड्याने श्रीमंती पुरती कळत नाही असं माझं मत आहे. कराच्या बाजूने पाहिलं तर माणसं तीन प्रकारची दिसतात. पहिला माणूस कर भरतो हे त्याचं त्यालाही माहीत नसतं. मजूर बाई साबणाची वडी घेते तेव्हा किमतीतच जीएसटी दिलेला असतो, एसटीने गावी जाते तेव्हा डिझेलवरचा कर तिकिटात असतो. तिला कोणी रिटर्न भरायला सांगत नाही, पण तिचा कर चुकतही नाही. दुसरा पगारदार. त्याचा कर हातात पगार पडण्याआधीच कापला जातो, मार्च संपला की फॉर्म सोळा मिळतो आणि आकडे छापून आलेले असतात. तिसरा माणूस तो, जो मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात माझ्यासमोरच्या खुर्चीत बसतो, रुमालाने चष्मा पुसतो आणि विचारतो, “साहेब, यंदा किती दाखवायचं?”

पहिल्या दोघांना हा प्रश्न कधी पडू शकत नाही. तिसऱ्याला तो पडतो, कारण त्याच्या हातात निवड आहे. काही व्यवहार पक्क्या बिलावर, काही कच्च्यावर. थोडं उत्पन्न बायकोच्या नावावर, थोडं एचयूएफमध्ये, म्हणजे हिंदू अविभक्त कुटुंबाच्या नावावर, थोडं गावच्या सातबाऱ्यावर. शेअर विकायचे की तसेच ठेवून त्यांच्यावर कर्ज काढायचं, इमारत कंपनीच्या नावाने घ्यायची की स्वतःच्या, नफा यंदा घ्यायचा की पुढच्या वर्षी. यातलं पुष्कळसं पूर्णपणे कायदेशीर आहे, काही अर्धवट आहे, आणि काही उघड चोरी आहे. पण सगळ्यांचा पाया एकच : आपला कर किती व्हावा हे ठरवण्यात स्वतःचा हात असणं. मी श्रीमंत त्याला म्हणतो ज्याच्याकडे ही निवड आहे. म्हणूनच रास्त कर हा गरिबाच्या सचोटीचा प्रश्न होऊच शकत नाही, तिथे सचोटीला वावच ठेवलेला नाही. तो श्रीमंताच्याच सचोटीचा प्रश्न आहे.

या निवडीला जुन्या काळात एक सबब होती. १९७३-७४ साली आयकराचा सर्वांत वरचा दर अधिभारासह ९७.७५ टक्के होता. शेवटच्या शंभरातले जेमतेम सव्वादोन रुपये हाती राहत असतील तर माणूस लपवणारच, असं तेव्हाचे व्यापारी म्हणत आणि त्यात तथ्य होतं. इतका कर रास्त नव्हता, आणि त्याने प्रामाणिक माणसालाही दोन वह्या ठेवायला शिकवलं. पुढे दर खाली येत गेले आणि १९९७ च्या अर्थसंकल्पाने सर्वांत वरचा दर ३० टक्क्यांवर आणला. मृत्यूनंतर वारसांकडे जाणाऱ्या संपत्तीवर १९५३ पासून इस्टेट ड्युटी होती, ती १९८५ मध्ये गेली. अर्थशास्त्रज्ञ निकोलस काल्डोर यांच्या सल्ल्याने १९५७ साली आलेला संपत्ती कर २०१५ मध्ये रद्द झाला. वसुली हजार कोटींच्या आसपास आणि कटकट फार, असं तेव्हा सांगितलं गेलं, आणि त्याच्या बदली कोटीच्या वरच्या उत्पन्नावर दोन टक्के जादा अधिभार आला. सबबी एकेक करून संपत गेल्या. “किती दाखवायचं” हा प्रश्न मात्र माझ्या टेबलासमोर जसाच्या तसा राहिला. दर कमी झाला की माणूस आपोआप सरळ होतो, असं मी तरुणपणी वाचलं होतं. काहीजण झाले, हे मी पाहिलं आहे. पण निवडीची चटक ही दरापेक्षा चिवट निघाली.

आणि कायद्याने स्वतःच श्रीमंताला मोठा दरवाजा उघडून दिलेला आहे. सगळ्यात वरच्या टप्प्यातल्या पगाराला ३० टक्के दर लागतो. तेवढीच रक्कम वर्षाहून जास्त काळ ठेवलेले शेअर विकून मिळाली तर साडेबारा टक्के, आणि विकलेच नाहीत तर किंमत दसपट होऊनही शून्य. राबून मिळवलेल्या रुपयावर जास्त कर, आणि बसल्या जागी वाढलेल्या रुपयावर कमी. आंबेडकरांची कसोटी इथे उलटी पडते.

आमच्या भागात हा दरवाजा शेताच्या बांधावर उघडतो. माझं गाव कवठेमहांकाळ तालुक्यात. गावाच्या वरच्या अंगाला रोजगार हमीतून झालेला पाझर तलाव आहे. माझी आई त्या कामावर होती. तिच्याबरोबरच्या बायका पाट्या टाकत, मुकादम संध्याकाळी खड्ड्यांची मापं घेई, खोदाई किती झाली त्यावर मजुरी पडे. माती कडक लागली की माप कमी भरे आणि मजुरीही. त्या तलावाने खालच्या विहिरींचं पाणी वाढवलं. विहिरी ज्यांच्या होत्या त्यांचा ऊस झाला, मग द्राक्षं झाली, मग बेदाण्याची शेड उभी राहिली. पुढे म्हैसाळ योजनेचं कृष्णेचं पाणी उपसून वर आलं. त्या उपशाच्या वीजबिलातले ८१ टक्के सरकार भरतं आणि १९ टक्के लाभधारक शेतकरी. ज्या बायकांनी तलाव खोदला त्यांच्यातल्या बहुतेकींना जमीन नव्हती. त्यांना मजुरी मिळाली, आणि ती अडचणीच्या दिवसांत मिळाली, ही लहान गोष्ट नाही. पण तलावाने वाढवलेली संपत्ती जमीनवाल्यांकडे गेली, आणि शेतीचं उत्पन्न आयकरातून पूर्ण मोकळं असल्यामुळे तिच्यावर कर शून्य.

हे लिहिताना माझा हात जड होतो, कारण शेतकऱ्याची दैना मी जवळून पाहिली आहे. एका गारपिटीत बाग जमीनदोस्त होते, दावण्या आला की औषधांतच पीक संपतं, भाव पडला की द्राक्षं शेळ्यांपुढे टाकावी लागतात. दोन एकरवाल्यावर आयकर लावा असं कोणी म्हणेल तर मी त्याच्या विरोधात उभा राहीन. त्याच्यावर लागणारही नाही, कारण बारा लाख त्याला कुठून मिळणार? प्रश्न चाळीस एकरवाल्याचा आहे. त्याहून जास्त प्रश्न अशा माणसाचा आहे, ज्याचा धंदा शहरात आहे आणि ज्याने दहा एकर फक्त यासाठी घेतलंय की शहरातलं उत्पन्न सातबाऱ्यावर धुऊन निघावं. एकरी बेदाणा किती निघतो हे आमच्या तालुक्यात शेंबड्या पोरालाही माहीत आहे, आणि कागदावर दाखवलेला बेदाणा कधी कधी सगळ्या शिवारात मिळून निघणार नाही एवढा असतो. मोठ्या शेती उत्पन्नावर कर असावा, असं के. एन. राज समितीने १९७२ सालीच सुचवलं होतं. ज्या वर्षी आमच्या माळावर खडी फुटत होती त्याच वर्षी. शेतीवरचा आयकर हा राज्यांचा विषय आहे, आणि कुठल्याही पक्षाच्या राज्य सरकारला तो विषय काढायचा नाही.

या सगळ्याला माझ्यासमोर बसलेली माणसं एक उत्तर देतात, आणि ते ऐकण्यासारखं असतं. म्हणतात, “कर भरून काय मिळतं? रस्त्यात खड्डे, दवाखान्यात डॉक्टर नाही, पैसा मध्येच खाल्ला जातो. त्यापेक्षा आम्ही दान करतो.” आणि ते खरंच करतात. आमच्या भागात व्यापाऱ्याच्या पैशातून शाळांच्या खोल्या झाल्या आहेत, महापुरात याच लोकांनी ट्रक भरभरून शिधा पाठवला आहे. मी त्या दानाचा मान ठेवतो. पण दानात देणारा ठरवतो की कोणाला, किती आणि केव्हा. घेणाऱ्याला हात जोडावे लागतात, भिंतीवर पाटी लागते. माझ्या आईने तलावाच्या कामावर कोणालाही हात जोडले नाहीत. तिने काम मागितलं, कायद्याने ते तिचं होतं, तिने ते केलं आणि मजुरी घेतली. त्या तलावावर कोणाच्या नावाची पाटी नाही. कर हे असं देणं आहे की ज्यात घेणाऱ्याची मान ताठ राहते. दानाने ते साधत नाही, देणारा कितीही सज्जन असला तरी.

पैसा खाल्ला जातो, ही तक्रार खरी आहे. रोजगार हमीच्या हजेरीपटावरही मेलेल्या माणसांची नावं लागली, हे सगळ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे. पण मी कर चुकवला म्हणून खाणारा उपाशी राहत नाही. तूट साबणाच्या वडीवर सरकते, डिझेलवर सरकते, किंवा ग्रामीण रुग्णालयातली जागा रिकामी राहते. आणि आणखी एक गोष्ट घडते. पैसेवाला माणूस आपली मुलं खासगी शाळेत घालतो, आजारपणात खासगी हॉस्पिटल गाठतो, पाणी टँकरने आणतो, वीज गेली की जनरेटर लावतो. सार्वजनिक गोष्टींची त्याला गरज राहत नाही, आणि मग त्या सुधाराव्यात म्हणून भांडायला ज्याचा शब्द चालतो असं कोणी उरत नाही. पूर्ण कर भरणाऱ्याला मात्र जाब विचारावासा वाटतो. हिशेब चोख असलेला माणूस महानगरपालिकेत जाऊन आवाज चढवू शकतो, ज्याच्या कपाटात दोन वह्या आहेत तो कुठल्याच साहेबापुढे आवाज चढवत नाही. चुकवलेल्या कराने सरकार सुधारत नाही, उलट सरकारला ज्यांचा धाक वाटावा ती माणसंच गप्प होतात.

निवड हातात असताना तिचा उपयोग कसा करावा, हे मला मार्केट यार्डातल्या एका अडत्याने दाखवलं. हळदीची अडत, वय सत्तरीपुढचं, सगळे अण्णा म्हणायचे. सांगली-मिरज रस्त्यालगत त्यांचा एक प्लॉट होता, कधीकाळी अगदी स्वस्तात घेतलेला. तो विकायला काढला तेव्हा एजंट गिऱ्हाईक घेऊन आला. दर उत्तम होता, पण अट नेहमीची : रेडी रेकनरएवढे कागदावर, वरचे रोख. अण्णा म्हणाले, “रोख नको. ठरेल ते सगळं खरेदीखतात घाला.” एजंटने समजावलं, गिऱ्हाइकाने समजावलं, शेवटी गिऱ्हाईक उठून गेलं. काही महिन्यांनी दुसरं आलं, थोड्या कमी दराने, पण सगळी रक्कम बँकेतून द्यायला तयार. दुय्यम निबंधकांच्या कार्यालयात अंगठे झाले, फोटो निघाले, आणि तिथून अण्णा आपल्या मुलाला घेऊन थेट माझ्याकडे आले. मी कराचा आकडा काढला. तो बघून मुलाचा चेहरा उतरला. “अण्णा, एवढ्यात एक गाडी आली असती,” तो म्हणाला.

अण्णांनी त्याला जे सांगितलं ते मी तिथेच वहीच्या मागच्या पानावर उतरवून घेतलं. “अरे, मी घेतला तेव्हा तिथं कुसळं होती. रस्ता मी केला नाही, नळ मी आणला नाही, दिवे मी लावले नाहीत. मी नुसता धरून बसलो. भाव ज्यांनी वाढवला त्यांचा वाटा त्यांना नको का द्यायला?” मग माझ्याकडे वळून म्हणाले, “साहेब, कायद्यात जी सूट बसते ती घ्या. नसेल बसत ती शोधत बसू नका.”

अर्थशास्त्राची पुस्तकं या विचाराला मोठी नावं देतात. अण्णांना तो हळदीच्या सौद्याइतका सरळ वाटत होता. आपल्या संपत्तीतला किती भाग आपल्या कष्टाचा, किती आपल्या आधीच्यांनी केलेल्या कामाचा आणि किती आपल्या नशिबाने योग्य ठिकाणी धरून बसण्याचा, हा हिशेब त्यांनी कोणी न मागता केला होता. रास्त कर भरणं म्हणजे हा हिशेब मनातल्या मनात न ठेवता कागदावर मांडणं. कायद्याने दिलेली सवलत घेण्यात काही गैर नाही. पण सवलत ज्या कामासाठी आहे त्याच कामासाठी घ्यायची, आणि जी आपल्यासाठी नाही तिच्यात बसावं म्हणून आपल्या आयुष्याचे कागद वाकवायचे नाहीत. दोन्हींमधली रेघ माझ्या टेबलासमोर बसणाऱ्या प्रत्येकाला बरोबर दिसते. सल्ला विचारायची वेळ येते, ती रेघ ओलांडायची असते तेव्हाच.

मात्र साऱ्या देशाचा कारभार अण्णांसारख्यांच्या भरवशावर सोडता येत नाही, सोडूही नये. चांगल्या माणसांचे गुण गायचे आणि व्यवस्था तशीच ठेवायची, ही आपली जुनी खोड आहे. कायद्याने निवडीची फट शक्य तेवढी बुजवली पाहिजे. व्यवसाय कर ऐपतीप्रमाणे चढता असावा आणि त्यासाठी अनुच्छेद २७६ ची मर्यादा उत्पन्नाशी जोडली जावी, म्हणजे वॉचमनला तो माफ करता येईल आणि सर्जनकडून लाखाला पंचवीसपेक्षा जास्त घेता येईल. घामाच्या रुपयाला आणि बसल्या जागी वाढलेल्या रुपयाला एकच दर लागावा. कोट्यवधींचा वारसा एका पिढीकडून दुसरीकडे जाताना त्यातला एक वाटा समाजाकडे यावा. मोठ्या शेती उत्पन्नाला आयकराची पायरी चढावी लागावी. यातली एकही मागणी श्रीमंताला गरीब करणारी नाही. करून झाल्यावरही श्रीमंत श्रीमंतच राहतील, आणि माझ्यासारख्यांना थोडा जास्त कर भरावा लागेल.

तोपर्यंत मार्चमध्ये समोरच्या खुर्चीतून तोच प्रश्न येत राहणार, आणि माझं उत्तरही ठरलेलं आहे : जेवढं झालं तेवढं. काहीजण हे ऐकून दुसऱ्या सीएकडे जातात. जे थांबतात त्यांना मी एवढंच सांगतो की, तुमच्या हातात जी निवड आहे ती तुमच्या वॉचमनच्या हातात नाही. तो पूर्ण भरतो, त्याला न विचारता त्याच्याकडून घेतलं जातं. तुम्हाला विचारलं जातं, हीच तुमची श्रीमंती. विचारलं गेल्यावर खरं सांगणं ही तिची किंमत आहे, आणि ज्याला आपल्या पैशावर मनापासून हक्क सांगायचा आहे त्याने ती पूर्ण चुकती करावी.